रागावतात, पण सोडत नाहीत

ब्रिटनमध्ये दरवर्षी एक मोठी लोकमत पाहणी होते. राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या, कारभारावर तुम्ही समाधानी आहात का, असं त्यात विचारतात. २०२४ च्या पाहणीत फक्त २१ टक्के लोकांनी होकार दिला. हा प्रश्न १९८३ पासून विचारला जातोय आणि इतकं कमी समाधान त्याआधी एकदाही नोंदलं गेलं नव्हतं. २०१० मध्ये हाच आकडा ७० टक्के होता. पण त्याच पाहणीत आणखी एक प्रश्न असतो. उपचार घेताना रुग्णाला पैसे द्यावे लागू नयेत, हे तत्त्व आजही पाळलं जावं का? त्याला दहातले जवळपास नऊ जण हो म्हणाले.

यातला पहिला आकडा तेवढा भारतात पोचतो. पुण्याहून कुणी नातलग आले की विचारतात, "काकू, तुमची एनएचएस बुडाली म्हणे?" त्यांना नीट उत्तर द्यायचं तर दोन्ही आकडे शेजारी ठेवावे लागतात. दक्षिण वेल्समधल्या एका दरीत, दवाखान्याच्या खिडकीशी बसून, मी ही दोन्ही मतं एकाच माणसाच्या तोंडून ऐकत आले आहे.

माझे यजमान मिरजेहून एमबीबीएस होऊन सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इकडे आले. काही वर्षं रुग्णालयांत काढल्यावर त्यांनी कोळशाच्या खाणींच्या या भागात जीपीचा दवाखाना घेतला. जीपी म्हणजे आपल्याकडचा फॅमिली डॉक्टर. मात्र त्याला फी रुग्ण देत नाही. त्याच्या यादीत जितकी माणसं, त्या हिशेबाने सरकार पैसे देतं. रुग्णालयातल्या तज्ज्ञाकडे जायचं तर आधी त्याची चिठ्ठी लागते. त्या काळी अशा दवाखान्यांत बहुतेक ठिकाणी डॉक्टरची बायकोच फोन घ्यायची, तपकिरी पाकिटांतून रुग्णांचे कागद काढून द्यायची, भांडणं मिटवायची. मी तेच केलं. पुढे रीतसर पगारी रिसेप्शनिस्ट झाले आणि निवृत्त होईपर्यंत त्याच खिडकीत बसले.

एक म्हातारा खाणकामगार होता. खुबा बदलायच्या ऑपरेशनसाठी त्याचा नंबर काही लागत नव्हता. काठी टेकत यायचा, खिडकीच्या फळीवर मूठ आपटायचा आणि सगळ्या आरोग्य खात्याचा उद्धार करायचा. एकदा जावई बरोबर होता. तो म्हणाला, आपण पैसे जमवू आणि खाजगीत करून टाकू. म्हातारा त्याच्यावरच उखडला. "आणि ज्याला जावई नाही, त्याने काय करायचं?" एवढं बोलून तो पुन्हा माझ्याशी भांडायला लागला.

हे मत इथल्या माणसांना जन्मजात मिळालेलं नाही. ते कसं तयार झालं ते समजून घ्यायला ट्रेडेगरला जावं लागतं.

ट्रेडेगर हे आमच्यापासून जवळच असलेलं कोळसा-पोलादाचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या कामगारांनी एक वैद्यकीय मदत संस्था काढली. पगारातल्या दर पौंडामागे काही पेनी कापून जायच्या आणि त्यातून डॉक्टर, परिचारिका, औषधं, पुढे दात आणि चष्मेसुद्धा मिळायचे. डॉक्टर हे कामगारांच्या समितीचे नोकर होते. 'द सिटाडेल' ही गाजलेली कादंबरी लिहिणारे ए. जे. क्रोनिन १९२० च्या दशकात तिथेच नोकरी करत होते. १९४० च्या दशकापर्यंत गावातली जवळपास सगळीच माणसं या संस्थेखाली आली होती.

याच गावात १८९७ साली अनायरिन बेव्हन जन्मला. तेराव्या वर्षी खाणीत उतरला. १९२५ मध्ये त्याचे वडील खाणीच्या धुळीने फुप्फुसं निकामी होऊन गेले. त्या वेळच्या भरपाईच्या कायद्यात तो आजार बसत नव्हता, म्हणून घराला एक पैसाही मिळाला नाही. हाच बेव्हन पुढे मजूर पक्षाचा खासदार झाला आणि १९४५ मध्ये ब्रिटनचा आरोग्यमंत्री. आमच्या गावाने अनुभवलं तेच साऱ्या देशाला द्यायचं, एवढाच आपला बेत आहे, असं तो सांगायचा.

ट्रेडेगरसारखी गावं थोडी होती. बाकी देशात १९११ चा, तेव्हाचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांचा, विमा कायदा होता. त्यात ठरावीक उत्पन्नाखालच्या कामगाराला डॉक्टर मिळायचा, पण त्याच्या बायकोला आणि मुलांना मिळायचा नाही. माझ्या खिडकीशी येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांनी त्या दिवसांच्या ज्या गोष्टी सांगितल्या, त्या मला कुठल्याही पुस्तकाहून जास्त शिकवून गेल्या. डॉक्टरला बोलवायचं ते नवऱ्यासाठी, फार तर पोरासाठी. बाईचं दुखणं घरच्या काढ्यावर. लागोपाठच्या बाळंतपणांनंतर अंग बाहेर आलेल्या बाया कापडाच्या घड्या बांधून वर्षानुवर्षं धुणी धूत होत्या, पाणी वाहत होत्या. १९४८ नंतर दवाखान्यांत पहिली गर्दी झाली ती अशा बायकांची. आजार नवे नव्हते, सोसण्याची गरज संपली होती. मी सातारा जिल्ह्यातली. अशा बायका मी माझ्या आजोळी पाहिलेल्या होत्या, त्यामुळे हे कुणी मला फार समजावून सांगायची गरज पडली नाही.

युद्ध चालू असतानाच, डिसेंबर १९४२ मध्ये, विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक सुरक्षेवरचा अहवाल आला. सरकारी अहवाल असूनही लोकांनी तो रांगा लावून विकत घेतला. १९४५ च्या निवडणुकीत युद्ध जिंकून देणाऱ्या चर्चिलना लोकांनी घरी बसवलं आणि मजूर पक्षाला प्रचंड बहुमत दिलं. लोकमत स्पष्ट होतं, तरी वाट सोपी नव्हती. १९४६ मध्ये संसदेत आरोग्यसेवेचं विधेयक आलं तेव्हा हुजूर पक्षाने दुसऱ्या आणि तिसऱ्या वाचनाला विरोधात मतदान केलं. खरा कडवा विरोध मात्र डॉक्टरांचा होता. फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने मतदान घेतलं. सुमारे ४१ हजार डॉक्टर विरोधात, बाजूने पाच हजारांहून कमी. आम्ही सरकारी नोकर होणार, रुग्णाचं आणि डॉक्टरचं नातं संपणार, ही त्यांची भीती होती. असोसिएशनच्या एका माजी सचिवाने तर या योजनेची तुलना हिटलरच्या राजवटीशी केली.

बेव्हनने तडजोड केली. रुग्णालयातल्या मोठ्या तज्ज्ञांना खाजगी प्रॅक्टिस चालू ठेवायची मुभा दिली, सरकारी रुग्णालयात पैसे भरणाऱ्यांच्या खाटाही ठेवू दिल्या. जीपींना पगारी नोकर करणार नाही, असं वचन दिलं. या तडजोडीचे तोटे देश आजही भोगतो आहे, आणि त्याच तडजोडीमुळे ५ जुलै १९४८ रोजी आरोग्यसेवा सुरू होऊ शकली. मला वाटतं त्याने बरोबर केलं. आणखी दोन वर्षं भांडत बसला असता तर पुढच्या निवडणुकीत सगळंच वाहून गेलं असतं.

पहिल्या काही महिन्यांत चष्मे आणि कवळ्यांवर लोक तुटून पडले. खर्च अंदाजाबाहेर गेला. १९५१ मध्ये मजूर सरकारच्याच अर्थमंत्र्याने, ह्यू गेट्स्केल यांनी, कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावलं आणि बेव्हनने मंत्रिपद सोडलं. रक्कम फार मोठी नव्हती. पण एकदा शुल्क आलं की ते वाढतच जाणार, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते खरं ठरलं. पुढच्याच वर्षी हुजूर पक्षाच्या सरकारने प्रिस्क्रिप्शनवर एक शिलिंग लावला. आज इंग्लंडमध्ये औषधाच्या एका नोंदीला ९ पौंड ९० पेन्स पडतात. मुलं, साठीपुढचे लोक, अगदी गरीब अशांना माफी आहे. वेल्सने मात्र १ एप्रिल २००७ पासून सगळ्यांचंच शुल्क रद्द केलं. श्रीमंताला फुकट औषध कशाला, असा प्रश्न इंग्लंडमधले पुढारी तेव्हापासून विचारतात. मी त्यांना एकच सांगेन. शुल्क होतं तेव्हा कष्टकरी घरांतल्या बायका चिठ्ठी हातात घेऊन मला हळू आवाजात विचारायच्या, "यातलं कुठलं औषध नाही घेतलं तर चालेल?" माफीच्या रेषेच्या जरा वर असलेल्या माणसाला ही रेष किती कापते, ते कागदावर दिसत नाही. २००७ नंतर तो प्रश्न मला पुन्हा कुणी विचारला नाही.

सत्तेवर आल्यावर हुजूर पक्षाने आरोग्यसेवा मोडली नाही. खर्च उधळला जातोय का हे बघायला त्यांनी नेमलेल्या गिलबॉड समितीने १९५६ मध्ये सांगितलं की राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने खर्च उलट घटला आहे. मार्गारेट थॅचर यांनी अनेक सरकारी उद्योगांचं खाजगीकरण केलं, पण त्यांनाही १९८२ च्या पक्ष अधिवेशनात आरोग्यसेवा आपल्या हाती सुरक्षित आहे, असं जाहीर करावं लागलं. १९९० च्या कायद्याने त्यांनी आत बाजार आणला. रुग्णालयांनी सेवा विकायची, आरोग्य मंडळांनी आणि काही जीपींनी विकत घ्यायची. रुग्णाला पैसे मात्र मागितले नाहीत. तेव्हापासून वाद याच रेषेच्या आत चालतो. पैसा किती, ठेकेदारांना किती वाव, कारभार कुणाच्या हाती. रेष ओलांडणारा निवडणूक हरतो, हे प्रत्येक पक्षाला कळलेलं आहे.

आता आमच्याबद्दल, म्हणजे बाहेरून आलेल्या डॉक्टरांबद्दल.

आमच्या शेजारच्या भागात, ग्लिनकॉरग नावाच्या खाणींच्या गावात, ज्युलियन ट्यूडर हार्ट हे जीपी होते. १९७१ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक लेख लिहिला. जिथे उपचारांची गरज सगळ्यात जास्त, तिथेच चांगले उपचार सगळ्यात कमी मिळतात, आणि वैद्यकीय सेवा जितकी बाजारावर सोडाल तितकी ही तफावत वाढते, हा त्याचा गाभा. जगभर तो लेख शिकवतात. त्याचं चालतंबोलतं उदाहरण आम्ही होतो. इथल्या गोऱ्या डॉक्टरांच्या मुलांना धुळीने खोकणाऱ्या दऱ्यांत यायचं नव्हतं. मग ते दवाखाने भारत, पाकिस्तान, श्रीलंकेच्या डॉक्टरांनी चालवले. माझ्या यजमानांना शस्त्रक्रियेत जायचं होतं. मुलाखती झाल्या, जागा नेहमी दुसऱ्याला मिळाली. वृद्धांच्या वॉर्डात मात्र नेहमी जागा रिकामी असायची. तिथून ते जीपी झाले. त्यांनी कडवटपणा धरला नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं आणि ते मी लपवणार नाही. १९८० च्या दशकात देशातल्या जीपींपैकी साधारण सहातला एक दक्षिण आशियातला होता. दऱ्यांत हे प्रमाण त्याहून पुष्कळ मोठं. आमचे डॉक्टर निवृत्त झाले तेव्हा त्या जागा भरायला कुणी मिळेना, आणि आज तिथले लोक अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून चिडतात त्याचं एक कारण तेच आहे.

म्हणून २०१६ च्या ब्रेक्झिटच्या प्रचारात जे झालं ते मला फार लागलं. लाल बसवर लिहून फिरवलं, की युरोपीय संघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात, ते आरोग्यसेवेला देऊ. सरकारच्या सांख्यिकी प्राधिकरणाने तो आकडा दिशाभूल करणारा असल्याचं सांगितलं, तरी बस फिरतच राहिली. त्याच प्रचारात बाहेरून आलेल्यांमुळे दवाखाने भरून गेले, हेही सांगितलं जात होतं. लोकांचा आरोग्यसेवेवरचा जीव पुढाऱ्यांना पक्का माहीत आहे. जे काही विकायचं असेल ते ते त्या नावाखाली विकतात.

नव्याने येणाऱ्या मराठी मुलामुलींना हे वेगळ्या रूपात भेटतं. २०१५ पासून व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरावा लागतो. तेव्हा तो वर्षाला २०० पौंड होता, फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५ झाला. मुलांसाठी ७७६. चौघांचं कुटुंब तीन वर्षांच्या व्हिसावर येतं तेव्हा दहा हजार पौंडांहून जास्त रक्कम आगाऊ भरतं, आणि आल्यावर पगारातून कर आणि राष्ट्रीय विमाही इतरांसारखाच देतं. एकाच सेवेसाठी दोनदा पैसे. सगळ्यांनी ऐपतीप्रमाणे द्यावं आणि गरजेप्रमाणे घ्यावं या तत्त्वाशी हे जुळत नाही. २०२० मध्ये कोविडच्या काळात बाहेरच्या देशांतल्या परिचारिका आणि डॉक्टरांकडूनही हा अधिभार घेतात हे लोकांना कळलं, तेव्हा एवढा गदारोळ झाला की सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांना तो माफ केला. गोष्ट माहीत झाली की इथलं लोकमत न्यायाच्या बाजूने वळतं, असा माझा अनुभव आहे.

आणि आजच्या दुरवस्थेची गोष्टच लोकांना नीट माहीत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमधली प्रतीक्षायादी ७७ लाखांच्या वर गेली. डिसेंबर २०२२ मध्ये परिचारिकांच्या रॉयल कॉलेजने शंभराहून अधिक वर्षांच्या आयुष्यातला पहिला देशव्यापी संप केला. सप्टेंबर २०२४ मध्ये लॉर्ड दारझी यांनी सरकारला अहवाल दिला, की सेवेची प्रकृती गंभीर आहे. कारणं अनेक आहेत. पण रुग्णवाहिका रुग्णालयाच्या दारात तासन् तास का थांबतात, हे मी जवळून पाहिलेलं सांगते. आत खाट नसते. खाट नसते कारण बरे झालेले म्हातारे तिथेच पडून असतात. ते पडून असतात कारण घरी आंघोळ घालायला, जेवू घालायला येणारं माणूस नसतं. ही शुश्रूषा, तिला सामाजिक काळजी म्हणतात, आरोग्यसेवेत येत नाही. ती नगरपालिकांकडे आहे आणि माणसाची मालमत्ता तपासून मिळते. इंग्लंडमध्ये सव्वातेवीस हजार पौंडांहून अधिक मालमत्ता असेल तर खर्च स्वतःचा.

हे बहुतेकांना आई-वडील अंथरुणाला खिळेपर्यंत ठाऊकच नसतं. खिडकीशी येऊन लेकी रडायच्या, "पण हे एनएचएसमध्येच असतं ना?" कर्करोगाला सगळं विनामूल्य आणि स्मृतिभ्रंशाला घर विका, हा भेद कुठल्या न्यायाने? पंतप्रधान थेरेसा मे यांनी २०१७ च्या निवडणुकीत यात हात घातला, विरोधकांनी 'डिमेन्शिया टॅक्स' म्हणून झोडपलं आणि त्यांचं बहुमत गेलं. बोरिस जॉन्सन यांनी २०१९ मध्ये प्रश्न कायमचा सोडवू म्हटलं. खर्चावर मर्यादा घालणारी योजना लांबत गेली आणि जुलै २०२४ मध्ये नव्या मजूर सरकारने ती रद्द केली. प्रत्येक पक्षाने यावर दुसऱ्याला मारून मतं मिळवली आहेत.

वेल्स आणि इंग्लंडचंही तसंच. १९९९ पासून वेल्सची आरोग्यसेवा राजधानी कार्डिफहून, वेल्सच्या स्वतःच्या सरकारकडून चालते. २०१४ मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन म्हणाले की दोन देशांमधला जुना बांध ही आता जगण्या-मरण्याची सीमारेषा झाली आहे. कार्डिफने उलट इंग्लंडचे दोष काढले. वेल्समधल्या प्रतीक्षायाद्या लांब आहेत हे खरं आहे, आणि इथली माणसं जास्त म्हातारी, जास्त गरीब आणि जास्त आजारी आहेत हेही खरं आहे. भाषणांत दोन्ही एकत्र कधी येत नाहीत.

आता रिफॉर्म यूके पक्षाच्या नायजेल फराज यांच्यासारखे नेते म्हणतात की फ्रान्ससारख्या विमा पद्धतीचा विचार करावा. विचार जरूर करावा. इथे वाद निघाला की लोक फक्त अमेरिकेचं भूत दाखवतात आणि फ्रान्स-जर्मनीकडे बघतच नाहीत, ही या चर्चेची खरी उणीव आहे. पण त्या देशांत खाटा आणि डॉक्टर जास्त आहेत ते वर्षानुवर्षं जास्त खर्च केल्यामुळे. पैसा करातून गोळा करा की विम्यातून, परिचारिका तेवढ्याच लागतात. २००० नंतर टोनी ब्लेअर यांनी खर्च युरोपच्या सरासरीपर्यंत न्यायचं ठरवलं, त्यांचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी २००२ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय विम्याची वर्गणी वाढवली आणि लोकांनी ती स्वीकारली. रांगा कमी झाल्या. ७० टक्के समाधान हे त्या दशकाचं फळ होतं. त्यानंतरच्या दशकात हात आखडला आणि २०२४ पर्यंत आकडा २१ वर आला.

महाराष्ट्रातल्या वाचकांना एक आठवण द्यायची आहे. ज्या १९४६ मध्ये ब्रिटनच्या संसदेने हा कायदा केला, त्याच १९४६ मध्ये भारतात सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला. भोर आपल्या नाशिकचे. पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व त्यांनीही मांडलं होतं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना त्या अहवालातून आली. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं. २०२१-२२ मध्ये तो दोन टक्क्यांहूनही कमी होता, आणि एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के भाग लोक उपचाराच्या वेळी स्वतःच्या खिशातून भरत होते.

आपल्याकडे दवाखान्याचं बिल हे नशिबाचा भाग मानून भरलं जातं, त्यावर निवडणूक लढवली जात नाही. इथल्या खाणकामगारांनी ती लढवली आणि त्यांची मुलंनातवंडं अजून लढवत आहेत. पुढच्या वेळी उमेदवार तुमच्या दारात आला की रस्ता आणि पाण्याबरोबर हेही विचारा : आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किती डॉक्टरांच्या जागा रिकाम्या आहेत, आणि त्या तुम्ही कधी भरणार?